जिन्यातून ऐकू आलेलं व्हायोलिन

१

व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या दोन भावांचं ते दुकान. थोरला वरच्या मजल्यावर राहायचा, धाकटा गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. थोरला सकाळी जिना उतरायचा आणि लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं मंद आचेवर ठेवायचा. धाकटा येईपर्यंत दुकानभर तो उग्र वास पसरलेला असायचा. त्या सकाळी धाकट्यानं दार ढकललं तेव्हा सरसाचा वास नव्हता.

थोरला कामाच्या बाकाशी खुर्चीत बसला होता. पुढे वाकलेला, कपाळ बाकावर टेकलेलं, आणि गरम पाण्याची रबरी पिशवी पोटाशी कवटाळलेली.

"दादा," धाकट्यानं हाक मारली. मग पुन्हा, जरा दरडावूनच, कारण काल संध्याकाळचा राग अजून पुरता उतरला नव्हता. मग त्यानं दादाच्या मनगटाला हात लावला. पिशवी गार होती आणि मनगट तिच्याहून गार. चेहरा खडूसारखा पांढरा.

तपासाला जी अधिकारी आली तिला ठाण्यात सगळे सबुरी म्हणत. वरिष्ठांनी "आटपा लवकर" म्हटलं की ती "जरा सबुरीनं" म्हणायची. तेव्हापासून हे नाव चिकटलं आणि तिनंही ते झटकलं नाही. दुकानात तिनं कशाला हात लावला नाही. नुसती उभी राहून बघत होती. अंगावर जखम नाही, कुलूप तोडलेलं नाही, रक्ताचा थेंब नाही. एक माणूस पोटाशी पिशवी धरून मेला होता, एवढंच.

दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. "पोट रक्तानं भरलंय. पाणथरी फुटलीय."

"पाणथरी म्हणजे प्लीहा ना?"

"तीच. डाव्या बरगड्यांखाली असते, मुठीएवढी. रक्त भिनलेला स्पंजच समजा. डाव्या कुशीत गुद्दा किंवा लाथ जोरात बसली की फुटते. आपोआप फुटायला तिला तसं काही कारण नसतं."

समोर चष्म्याचं दुकान होतं. त्या चष्मेवाल्याला सांगायला फार आग्रह करावा लागला नाही. "काल दिवेलागणीला जुंपली होती दोघांची. मी काही पाहिलं नाही हं. पण भांडण ऐकायला चष्मा कशाला लागतोय? 'पुन्हा सुरू केलंस ना?' असा धाकटा ओरडला. मग काहीतरी धडाधड पडलं. मग दार आपटून हा निघून गेला."

सबुरी दुकानात परतली. धाकटा उंबऱ्यातच बसला होता. तिनं अजून काही विचारलंही नव्हतं.

"मीच मारलं दादाला," तो म्हणाला.

२

वरिष्ठ खूश झाले. एका दिवसात गुन्हा, गुन्हेगार आणि कबुली. सबुरीला मात्र कबुलीचं एक वावडं होतं. माणूस कबूल करतो ते नेहमी त्यानं केलेलंच असतं असं नाही, हे तिला नोकरीनं शिकवलं होतं.

"कसं मारलंस ते करून दाखव," ती म्हणाली.

धाकट्यानं दोन्ही तळवे पुढे केले, छातीच्या मध्यावर टेकवावेत तसे. "असं ढकललं. मागे पडला."

"कशावर?"

त्यानं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे व्हायोलिनच्या पेट्यांना आतून लावायच्या मखमलीचं आणि कापसाचं भलंमोठं गाठोडं होतं. सबुरीनं त्यात मूठ खुपसली, ती कोपरापर्यंत आत गेली. शेजारी रिकाम्या पेट्यांची चळत कोसळलेली होती. धडाधड पडलं ते हे.

"लाथ मारलीस? गुद्दा?"

"नाही. दादाला?" त्यानं मान वर केली. "उठला तो. कपडे झटकले आणि माझ्याकडे बघत राहिला. बोलला काहीच नाही. काही बोलला असता तर मी थांबलो असतो."

"पुन्हा काय सुरू केलं होतं त्यानं?"

धाकट्यानं आधी पडलेली एक पेटी उचलून सरळ ठेवली. मग सगळं भडाभडा बोलला. थोरला एके काळी अट्टल पिणारा. शाळकरी वयात धाकट्यानं त्याला कितीदा गुत्त्यातून उचलून आणलं होतं. मग एक दिवस त्यानं सोडली, ती कायमची. इतकी वर्षं थेंबाला शिवला नाही. पण गेल्या महिन्यात "लाकूड बघायला जातो" सांगून गेला आणि चांगले काही दिवस उगवलाच नाही. परतला तो ओढलेल्या चेहऱ्यानं, ढगळ झालेल्या कपड्यांत. काल लाकडाच्या व्यापाऱ्याचा सहज फोन आला, तुमचे दादा बऱ्याच दिवसांत फिरकले नाहीत म्हणून.

"खोटं बोलला माझ्याशी. आधी असंच बोलायचा. आणि काम टाळायला लागला होता. दुरुस्त झालेलं प्रत्येक व्हायोलिन तोच वाजवून बघायचा, माझा विश्वास नव्हता त्याला. आता म्हणायचा, तूच बघ. हात थरथरत असणार, दुसरं काय!"

"थरथरताना पाहिलेस?"

"पाहायला कशाला हवं?"

बाकावर एक व्हायोलिन पडलं होतं. तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी नुकतीच कोरलेली दिसत होती. सबुरीनं ते उजेडाकडे धरलं. घोडीची वरची कड कागदासारखी पातळ होती आणि कुठे चाकू घसरल्याची खूण नव्हती.

"ही कुणी कोरली?"

"दादानं. परवा."

"मग हात थरथरत नव्हते," सबुरी म्हणाली. तिनं ते वाद्य उचलून अडाण्यासारखं हनुवटीखाली धरून पाहिलं. ते डाव्या खांद्यावर टेकलं. "कोरता येत होतं, पण वाजवता येत नव्हतं. असं का बरं?"

 धाकटा भिंतीकडे बघत होता. दुरुस्त झालेली वाद्यं तिथे खुंट्यांना टांगलेली होती, आणि एक खुंटी रिकामी होती.

"मुलांना शिकवतात त्या मास्तरांचं व्हायोलिन कुठे गेलं?" तो म्हणाला. "मी गेलो तेव्हा इथे होतं."

३

थोरल्याची बायको वर खिडकीशी बसली होती. तिनं रडून घेतलं होतं आणि आता भांडी घासायला काढली होती, नुसतेच कप. एकेक कप विसळून पुन्हा विसळत होती.

"भाऊजींना सोडा," ती पहिल्यांदा म्हणाली. मग दम खाऊन, "नाहीतर सोडू नका. मला काही कळेनासं झालंय."

"ते खाली का झोपले होते?"

"महिनाभर खुर्चीतच झोपत होते. बाकावर उशी ठेवून, पुढे वाकून. म्हणायचे, उताणं झालं की जीव जातो, डावा खांदा भरून येतो. दोनदा मालीश करून दिलं मी. तर म्हणाले, राहू दे, तू चोळतेस तिथं नाहीच दुखत, ते आतून कुठूनतरी तिथं येतंय." तिनं कप उपडा ठेवला. "मला वाटलं, बहाणा आहे. मला तोंडाचा वास येऊ नये म्हणून दूर झोपतायत. तुम्हाला सांगते, मी ह्यांचे कप हुंगत होते. रोज. चहाच्या वासापलीकडे कधी काही आलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगायचे."

"जेवण?"

"तळलेलं पानातून बाजूला सारायचे. म्हणायचे, भूक नाही. मी म्हटलं, माणसाची भूक दुसरीकडे भागली की अशीच मरते." तिनं पुढचा कप उचलला. "असं तोंडावर म्हटलं मी."

सबुरीनं काही लिहून घेतलं नाही. "काल भांडण झालं तेव्हा खाली का नाही आलात?"

"दोघं भाऊ. आज भांडतील, उद्या एका ताटात जेवतील. मध्ये पडणारा तोंडघशी पडतो. भाऊजी दार आपटून गेले ते ऐकलं. मग थोड्या वेळानं जिन्यातून व्हायोलिन ऐकू आलं. एकच ओळ, हळूहळू, दोनदा. बरं वाटलं हो मला. म्हटलं, राग निवला. म्हणून तर खाली गेले नाही. वाजवू दे म्हटलं, झोपू दे."

सबुरी उठली. जिन्याच्या मधल्या पायरीवर मात्र तिचं पाऊल अडलं.

ज्या माणसाला डाव्या खांद्यावर वाद्य धरवत नव्हतं, त्यानं काल वाजवलं कसं? वाजवलं नव्हतंच. धाकटा गेल्यावर दुकानात आणखी कुणीतरी होतं.

४

मास्तर मुलांना व्हायोलिन शिकवायचे. त्यांच्या वर्गात बुटक्या खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या होत्या. सबुरी त्यातल्याच एकीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. मास्तर उभेच राहिले. त्यांची पेटी टेबलावर होती.

"सकाळी आणलं मी दुकानातून," ते म्हणाले.

"सकाळी दुकानात मी होते, मास्तर."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. माणूस खोटं बोलायला सरावलेला नसला की त्याचं खोटं एका वाक्यात संपतं.

"शब्द दिला होता मी त्याला," ते म्हणाले. "कुणालाही सांगणार नाही म्हणून. आता तोच नाही, तर शब्द कुणाशी पाळायचा?"

गेल्या महिन्यात थोरला इथेच आला होता, पोट धरून, घामानं निथळत. मास्तरांनी त्याला शेजारच्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. स्वादुपिंडाला सूज आली होती. जठराच्या मागे असते ना ती ग्रंथी, जेवण पचवणारा रस करते ती. तपासायला आलेल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "किती पिता?"

"त्यांची काही चूक नाही हो, तो प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. पण ह्याचा चेहरा पाहायला हवा होतात. म्हणाला, मास्तर, हा दारुड्यांचा रोग निघाला. घरी हे नाव कळलं की झालं. इतकी वर्षं सोडली ती कुणाच्या हिशेबात धरणार? जरा उतार पडला तसा उठला. पुढच्या तपासण्या राहिल्या होत्या. डॉक्टर नको म्हणत असताना सही करून बाहेर पडला."

"आणि काल?"

"काल मी वाद्य न्यायला गेलो. पेट्या विखुरलेल्या होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाला, धाकटा चिडलाय, उद्या शांत होईल. हसला. उठून चहा केला. मग म्हणाला, वाजवून बघा, मला उचलवत नाही. मी एक ओळ वाजवली. तो म्हणाला, पुन्हा वाजवा, तिसऱ्या तारेत काहीतरी राहिलंय. दुसऱ्यांदा वाजवताना मी वर पाहिलं तर हा पांढराफटक. डावा खांदा धरलेला."

मास्तर अखेर बसले. त्यांच्या उंच देहाला ती खुर्ची फारच बुटकी होती.

"मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. म्हणाला, आज नको. आज धाकट्यानं तोंडावर विचारलंय, पुन्हा सुरू केलंस का. आज दवाखान्यात गेलो तर त्याचं म्हणणं खरं ठरेल. उद्या सकाळी मीच त्याला सगळं सांगतो, मग तिघं मिळून जाऊ. मला पिशवीत गरम पाणी भरून द्यायला सांगितलं. मी भरून दिलं आणि घरी आलो." त्यांनी चष्मा काढला. "माणसानं शब्द पाळावा म्हणतात ना, बाई? मी पाळला."

५

"मला एकच सांगा," सबुरीनं शवागारात जाऊन डॉक्टरांना विचारलं. "पोटातलं काही बिघडलं तर खांदा दुखतो का?"

डॉक्टर हात धूत होते. "कुठला खांदा?"

"डावा. चोळून कमी न होणारा. उताणं झोपलं की वाढणारा. आणि कालचा नाही, बऱ्याच दिवसांचा."

डॉक्टरांनी नळ बंद केला. "पोट आणि छातीच्या मध्ये पडदा असतो. त्याच्या खाली डावीकडे रक्त साठलं, तर दुखणं खांद्यात जाणवतं. दोन्हीकडची नस एकच. पण ते पाणथरीला इजा झाल्यावर. तुम्ही म्हणताय, भांडणाच्या आधी?"

"भांडणाच्या कितीतरी आधी. आणि महिन्यापूर्वी त्याच्या स्वादुपिंडाला सूज आली होती."

मास्तरांनी सांगितलेलं सगळं तिनं त्यांच्यापुढे मांडलं. डॉक्टर पुन्हा हातमोजे चढवून आत गेले. सबुरी बाहेरच्या बाकावर थांबली. तिला फार वेळ थांबावं लागलं, पण थांबण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बाहेर आले तेव्हा डॉक्टर तिच्या शेजारीच बसले.

"स्वादुपिंड मी सकाळी पाहिलं होतं. मऊ पडलं होतं, पण मेल्यावर ते स्वतःच्याच रसानं विरघळतं, म्हणून सोडून दिलं. सोडायला नको होतं. त्याचं शेपूट, म्हणजे निमुळतं टोक, पाणथरीच्या अगदी मुळाशी असतं. ह्याचं तिथे घट्ट चिकटलंय. सुजलेल्या ग्रंथीतून रस झिरपतो आणि वाटेत येईल ते कुरतडतो. इथे त्यानं पाणथरीचं आवरण कुरतडलं. फार विरळा. पुस्तकात वाचलं होतं, टेबलावर आज पहिल्यांदा पाहिलं."

"रक्त?"

"दोन प्रकारचं. आवरणाच्या आत काळपट, थिजून थर धरलेलं, ते जुनं. त्याच्यावर ताजं. म्हणजे आतल्या आत बरेच दिवस झिरपत होतं. आवरणाची पिशवी फुगत गेली आणि काल फुटली. फुटायला खोकला पुरला असता, वाकणं पुरलं असतं."

"की धक्का?"

"धक्क्यानं नाहीच, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण कुशीवर वळ नाही, बरगड्या शाबूत. आणि त्या धक्क्यानं फुटली असती तर तो उठून चहा करत बसला नसता. तो मास्तरांसमोर पांढरा पडला, त्याच वेळी फुटली असं मी म्हणेन. कुणी मारलं म्हणून हा माणूस मेला असं मी लिहिणार नाही."

सबुरीनं शेवटचा प्रश्न मागे ठेवला होता, कारण त्याचं उत्तर तिला तपासासाठी नको होतं. "तो पीत होता का?"

"यकृत स्वच्छ आहे. जुने डाग म्हणाल तर आहेत, पण नवं काही नाही. पित्ताच्या पिशवीत मात्र खडे सापडले, बारीक बारीक. एखादा निसटून नळीत अडकला की स्वादुपिंड सुजतं. दारूचा काही संबंध नाही. त्या दवाखान्यात आणखी थोडा थांबला असता तर त्यांनीच सांगितलं असतं त्याला."

"आणि वाचला असता?"

"बहुधा," डॉक्टर म्हणाले, आणि उठून गेले.

६

सबुरीनं तिघांना वरच्या खोलीत जमवलं. धाकटा दाराशी, वहिनी खिडकीशी, मास्तर मधल्या खुर्चीत. अशा वेळी सगळ्यांच्या नजरा एकाच्या तोंडाकडे वळतात, हे तिला सवयीचं होतं. पण आज बोट दाखवायला तिच्याकडे कुणी नव्हतं.

तिनं सरळ सांगितलं. धाकट्यानं पाहिलं होतं की दादा व्हायोलिन उचलत नाही. वहिनीला माहीत होतं की खांदा दुखतो आणि पाठ टेकवत नाही. मास्तरांना रोगाचं नाव ठाऊक होतं. ह्या तिन्ही गोष्टी डॉक्टरांपुढे एकत्र ठेवल्या, तेव्हा त्यांनी नळ बंद केला आणि पुन्हा तपासलं. पुढचं, म्हणजे हे आधी कुणी ठेवलं असतं तर काय झालं असतं, ते तिनं उच्चारलं नाही. तिघांनाही ते तिच्या आधी कळलेलं दिसत होतं.

"तो पीत नव्हता?" धाकट्यानं विचारलं.

"नाही."

"एकदाही नाही?"

"सोडल्यापासून एकदाही नाही. आणि हे दुखणंही दारूचं नव्हतं. पित्ताच्या खड्यांचं होतं. हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं."

धाकटा भिंतीला टेकला. "मग ढकलण्यानं मेला असता तर परवडलं असतं," तो हळूच म्हणाला. "त्याची शिक्षा तरी असते. मी विचारलं, आणि हा माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याला वाटलं, नाही म्हटलं तरी हा मानणार नाही. आणि खरंच, बाई, मी मानलं नसतं."

कुणी त्याची समजूत काढली नाही. काढण्यासारखी ती नव्हतीच.

"मला सोडताय तुम्ही?" त्यानं विचारलं.

"धरून ठेवण्यासारखं तू काही केलेलं नाहीस."

तो कडवट हसला.  वहिनीचं लक्ष मास्तरांकडे होतं. मास्तर खाली मान घालून, बोलावलेल्या विद्यार्थ्यासारखे बसले होते.

"वहिनी, मी चुकलो," ते म्हणाले. "त्याच वेळी जिना चढून वर यायला हवं होतं मी."

"मीही उतरले नाही," ती म्हणाली. "व्हायोलिन ऐकलं आणि कूस बदलली."

ती उठली. धाकट्याला तिनं दाराशेजारून खोलीत घेतलं, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बसा, भाऊजी. असे परक्यासारखे उभे राहू नका." मग ती स्वतः मास्तरांच्या अगदी समोर बसली.

"शेवटी तुम्ही होतात त्यांच्याजवळ," ती म्हणाली. "काय काय बोलले ते सगळं सांगा. चहा कसा केला तेसुद्धा सांगा. काही वगळू नका."

मास्तरांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. धाकट्यानं ऐकण्यासाठी स्टूल आणखी जवळ ओढलं. सबुरी आवाज न करता उठली आणि दार बाहेरून ओढून घेऊन जिना उतरली.